वसाहतीचा कर आणि नगरीचे ऋण

आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबे आज सहकारी गृहसंस्थांच्या वसाहतींत राहतात. तेथील अंतर्गत रस्ते, दिवे, पहारा व झाडलोट यांचा खर्च सभासद स्वतः सोसतात. तथापि महानगरपालिकेचा मालमत्ता कर त्यांना इतर नागरिकांप्रमाणेच भरावा लागतो. एकाच कामाचे दाम दोनदा का द्यावे, असा प्रश्न त्यामुळे साहजिकच उपस्थित होतो. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचा निर्णय करण्यापूर्वी मुंबईतील या कराचा पूर्वेतिहास पाहणे अगत्याचे आहे.

इ. स. १८७२ च्या कायद्यान्वये मुंबईच्या नगरसंस्थेत ६४ सभासद असत व त्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडावयाचे होते. वर्षाकाठी किमान ५० रुपये कर देणाऱ्यासच हा अधिकार होता. सर्व प्रौढांच्या मतदानाने निवडणूक झाली ती १९४८ साली. सारांश, कर भरणे हा त्या काळी नुसता भार नव्हता, तर नगरकारभारात बोलण्याचा तो परवाना होता.

पुढे १८८८ चा महानगरपालिका अधिनियम आला. त्याने मालमत्ता कराचे सर्वसाधारण कर, पाणीपट्टी व हलालखोर कर असे भाग पाडले. यांतील पाणीपट्टी व हलालखोर कर ही आकारणी, जेथे पालिकेने पाणी अथवा मैला वाहून नेण्याची सोय केली असेल, तेथेच करावयाची होती. सर्वसाधारण कराला मात्र अशी अट नव्हती. आगीच्या बंबाच्या खर्चाचीही तरतूद त्याच्याच जोडीला केलेली होती. सेवेचे मोल निराळे व नगरीचे ऋण निराळे, हा विवेक आपल्या कायद्यात प्रारंभापासून आहे.

हे ऋण कसले, ते १८९६ सालच्या प्लेगने शिकविले. मांडवीत उद्भवलेली ती साथ कोणाच्या कुंपणाशी थांबली नाही. तिच्या धसक्यानेच १८९८ मध्ये नगरसुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले, दाट वस्त्यांतून रुंद रस्ते निघाले व दादर-माटुंग्यासारखे नवे भाग वसले. १९१५ साली सारस्वत बंधूंनी रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवी येथे सहकारी गृहसंस्था उभारली व तो कित्ता अनेक ज्ञातींनी गिरविला. ज्या वसाहतींचा आपणांस अभिमान वाटतो, त्यांपैकी कित्येक नगरीच्या सार्वजनिक उद्योगामुळेच उभ्या राहू शकल्या, हे विसरता कामा नये. आपला झाडूवाला अंगण झाडतो. पण तेथला केर शेवटी देवनारसारख्या सार्वजनिक क्षेपणभूमीकडेच जातो, आणि देवनारची जागा १९२७ पासून सबंध शहराचा भार वाहत आली आहे.

१९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कर व शुल्क यांतील भेद विशद केला. शुल्क हे विशिष्ट सेवेच्या मोबदल्यात घेतले जाते; कराला तसा मोबदला अभिप्रेत नसतो. तेव्हा वसाहतीभोवती भिंत आहे म्हणून सर्वसाधारण करातून सूट मागणे न्यायाला धरून होणार नाही. निपुत्रिक गृहस्थही शाळेसाठी कर देतोच.

परंतु दुसरी बाजूही तितकीच सत्य आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ५,००० चौरस मीटरांहून मोठ्या बंदिस्त वसाहतींवर ओल्या कचऱ्याची विल्हेवाट शक्यतो आवारातच लावण्याचे कर्तव्य घातले. पालिकेचे काम कायद्याने नागरिकांच्या शिरावर आल्यावर त्या प्रमाणात त्यांचा बोजा हलका करणे हा उपकार नव्हे, न्यायच होय. पुणे महानगरपालिकेने गांडूळखत, सौरऊर्जा व पर्जन्यजलसंचय करणाऱ्या मिळकतींना करात शेकडा ५ ते १० सवलत देऊन हे तत्त्व मान्यही केले.

म्हणून ज्ञातिबांधवांना नम्र सूचना अशी की, 'कर नको' असा घोष आपण करू नये. प्रत्येक वसाहतीने किती ओला कचरा आवारात जिरविला व त्यावर किती खर्च केला याचा वर्षभर चोख हिशेब ठेवावा आणि तो पुढे करून तेवढ्यापुरतीच सवलत मागावी. सर्वसाधारण कर मात्र मुदतीत व निःशंक मनाने भरावा. मागणी मोजकी व पुराव्यानिशी असली, तर ती नाकारणे कोणालाही अवघड जाईल. आणि आपली ज्ञाती नगरीची देणेकरी आहे, तशी तिची हितचिंतकही आहे, हेही त्यातून सिद्ध होईल.