लोहाराचा टाकणखार आणि वेल्डिंगचा रॉड

वाचकहो, तालुक्याच्या गावी कुणाचे तरी वर्कशॉप मोडते, सामान विकायला निघते, आणि तुमच्या ओळखीचा एखादा हुन्नरी तरुण तिथले जुने वेल्डिंग मशीन टेम्पोत घालून घरी आणतो. घेताना त्याने काय पाहिलेले असते? रंग, चाके आणि किंमत. अर्धवट फोडलेले रॉडचे पाकीट वर फुकट मिळाले, म्हणून स्वारी खूश असते. माझे म्हणणे असे की, त्या सगळ्या व्यवहारात नीट पारखून घेण्याजोगी वस्तू ते पाकीटच होते. मी इतिहासाचा माणूस, तेव्हा जरा मागून सुरुवात करतो.

गावचा लोहार कुऱ्हाडीच्या मऊ लोखंडाला पोलादी धार जोडीत असे, ते आठवा. भाता जोरात चालायचा, दोन्ही तुकडे पांढरे होईतो तापायचे, आणि तो त्यांवर चिमूटभर टाकणखार नाहीतर बारीक वाळू टाकायचा. पोरांना ती गंमत वाटे. पण तापल्या लोखंडावर हवेमुळे खपली धरते, आणि खपलीवर खपली ठोकून सांधा होत नाही. टाकणखार ती खपली वितळवून पातळ करी, घणाच्या घावासरशी ती बाहेर उडे, आणि लोखंड लोखंडाला भिडे. सांध्याचा वैरी हवा, हे त्याच्या हातांना ठाऊक होते.

विजेच्या बाबतीत मात्र हाच धडा नव्याने शिकावा लागला. विजेच्या दोन टोकांमध्ये जी प्रखर ज्योत उठते, तिला पुस्तकांत विद्युत् प्रज्योत म्हणतात, वर्कशॉपात नुसते आर्क. निकोलाय बेनार्डोस या रशियन संशोधकाने १८८१ च्या सुमारास कोळशाच्या कांडीने ती पाडून लोखंड सांधले. १८८८ साली स्लाव्यानोव्ह या दुसऱ्या रशियन अभियंत्याने कोळसा टाकून धातूचीच कांडी घेतली. ती स्वतः वितळून सांध्यात भरू लागली. इथे काम संपायला हवे होते, पण संपले नाही. उघड्या तारेचा सांधा वरून भरदार दिसे आणि ताण येताच तडके. वितळलेले लोखंड हवेतला प्राणवायू आणि नत्रवायू शोषून घेई, आणि ठिसूळ होई.

याला उतारा काढला ऑस्कर शेलबर्ग या स्वीडिश अभियंत्याने. जहाजांचे बॉयलर दुरुस्त करण्याच्या कामात तो होता. तिथे कच्चा सांधा म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ. १९०४ साली त्याने योटेबोरी शहरात 'ईसाब' ही कंपनी काढली आणि पुढच्या काही वर्षांत एक साधी वाटणारी युक्ती सिद्ध केली. लोखंडी तार त्याने खनिजांच्या दाट लेपात बुडवून वाळवली. बस्स! तो लेप जळताना वायू सुटून सांध्याभोवती पडदा धरतात, आणि उरलेला भाग वितळून वर सायीसारखा पसरतो. थंड झाल्यावर आपण हातोडीने उडवतो ती काच, म्हणजेच स्लॅग, ती हीच. अहो, हा तर आपला टाकणखार!

आणखी एक गोष्ट, बरं का. गावाकडची जुनी मशिने बहुधा ट्रान्सफॉर्मरची असतात. त्यांतली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते. उघड्या तारेची ज्योत अशा वेळी टिकणे कठीण. ती पुन्हापुन्हा पेटती राहते ती लेपातल्या द्रव्यांमुळे.

या रॉडच्या जोरावर १९२० साली इंग्लंडात बर्कनहेडला 'फुलागर' हे रिव्हेटशिवाय सांधलेले समुद्रगामी जहाज बांधले गेले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने तशी हजारो जहाजे पाण्यात सोडली. आणि १६ जानेवारी १९४३ च्या थंडीत, पोर्टलंड येथे धक्क्याला शांत उभे असलेले 'स्केनेक्टडी' हे कोरे तेलवाहू जहाज मोठा आवाज होऊन मधोमध दुभंगले. ना वादळ, ना शत्रू. पोलाद थंडीत ठिसूळ होणारे निघाले, आणि एका सदोष सांध्यापासून चीर सुरू झाली. रिव्हेटच्या जहाजात चीर पत्र्याच्या कडेला येऊन थांबे. सांधलेले जहाज म्हणजे एकसंध अंग, तिला अडवणार कोण?

उसाने भरलेल्या ट्रॉलीचा हूक आठवतो मला अशा वेळी. मागून सायकलवर शाळेची पोरे येत असतात. तेव्हा आपल्या तरुणाने पहिले सहा महिने हूक, झुला, जिना यांना हात लावू नये. भंगाराच्या पट्ट्या सांधाव्यात, शिकंज्यात धरून घणाने वाकवाव्यात, आणि मोडल्या तर आत भोके आहेत का, काच अडकली आहे का, ते पाहावे. सव्वातीन मिलिमीटरच्या साध्या रॉडला शंभर-सव्वाशे अँपिअर पुष्कळ होतात. काडी ओढावी तसा रॉड ओढावा आणि आर्क आखूड ठेवावा. कढईत भजी तळल्याचा आवाज आला की समजावे जमतेय. फुकटातल्या त्या पाकिटाला ओल लागली असेल, लेपाचे टवके उडाले असतील, तर ते फेकावे आणि नवे आणावे. पावसाळ्यात ते जमिनीवर मुळीच ठेवू नये.

मशीन जोडण्यापूर्वी केबल बोटाबोटाने तपासावी, अर्थिंग जाणत्या वायरमनकडून करून घ्यावे. आकडा टाकून तर मशीन कधीच चालवू नये. रॉड टेकण्याआधी होल्डरवर सत्तर-ऐंशी व्होल्ट असतात. कोरड्या हातमोज्यांत ते कळत नाहीत, घामेजल्या अंगाने ओल्या जमिनीवर ते जीव घेतात. जस्ताच्या पत्र्याचा धूर छातीत घेऊ नये, डिझेलची रिकामी टाकी कुणी कितीही गळ घातली तरी सांधू नये. आणि काळी काच दहा किंवा अकरा नंबरची हवी. उन्हाचा चष्मा लावून काम करणाऱ्याला दिवसभर काही वाटत नाही. रात्री मात्र डोळ्यांत वाळू ओतल्यासारखे होते आणि घरच्यांना त्याला हाताला धरून दवाखान्यात न्यावे लागते.