रोजनिशी आणि इतिहास : मिहाइल सेबास्टियन

रुमानियन कादंबरीकार व नाटककार मिहाइल सेबास्टियन याची १९३५ ते १९४४ या काळातील रोजनिशी १९९६ मध्ये बुखारेस्ट येथे प्रसिद्ध झाली. आयन अँतोनेस्कूच्या हुकूमशाहीत (१९४०-४४) ज्यूंच्या झालेल्या छळाचे साधन म्हणून इतिहासकार ती वाचतात. ते योग्यच, परंतु वाङ्मयप्रकार म्हणून रोजनिशीचे स्वरूप दुर्लक्षिले, तर या साधनाचे निम्मे मोल हातचे जाते. आत्मचरित्रकाराला शेवट ठाऊक असतो. रोजनिशीकाराला उद्याचा दिवसही ठाऊक नसतो.

जून १९४१ च्या अखेरीस याश शहरात ज्यूंची कत्तल झाली. वाचलेल्यांना बंद मालडब्यांत कोंबून ऐन उन्हाळ्यात दिवसेंदिवस फिरवले गेले. मृतांची संख्या दहा हजारांच्या पुढे गेली. सरकारी निवेदनात मात्र पाचशेच सांगितले गेले. बुखारेस्टमधील सेबास्टियनपुढे होते ते हे निवेदन आणि कुजबुज. बेसाराबिया व बुकोव्हिनातील ज्यूंना नीस्टर नदीपलीकडे हाकलल्याच्या वार्ताही अशाच येत राहिल्या. रुमानियाच्या अमलाखालील प्रदेशांत २,८०,००० ते ३,८०,००० ज्यू मारले गेले, हा निष्कर्ष एली विझेल आयोगाने २००४ मध्ये काढला. रोजनिशीत ही बेरीज नाही. तेथे आहे ती वकिली गेल्याची, रेडिओ जप्त झाल्याची, घरभाड्याच्या विवंचनेची नोंद. छळ हा असा, हप्त्याहप्त्याने, अनुभवास येतो.

कायद्याच्या आधी भाषा बिघडली होती, हे तर या रोजनिशीइतके क्वचितच कोठे दिसते. नाए इओनेस्कू या गुरूने १९३४ मध्येच शिष्याच्या कादंबरीला ज्यूद्वेषी प्रस्तावना लिहिली, आणि सेबास्टियनने ती छापली! योगविषयक ग्रंथामुळे आपल्याकडे परिचित असलेला, कलकत्त्यात शिकलेला मिर्चा एलियाडे हा त्याचा जिवलग मित्र. तोही ‘आयर्न गार्ड’कडे झुकला. १९४२ च्या उन्हाळ्यात तो बुखारेस्टला येऊन गेला, पण सेबास्टियनला भेटला नाही. एलियाडेच्या अभ्यासकांनी हा भाग टाळून पुढे जाणे आता शक्य नाही.

मार्च १९४४ मध्ये सेबास्टियनचे नाटक रंगभूमीवर आले, ते दुसऱ्याच्या नावाने. ऑगस्टमध्ये अँतोनेस्कूची सत्ता कोसळली. २९ मे १९४५ रोजी एका ट्रकखाली सापडून सेबास्टियनचा मृत्यू झाला. जुन्या नोंदींवर नंतरच्या ज्ञानाचा हात फिरवण्यास त्याला अवधी मिळाला नाही.