रनीमीडची नामावली

लंडनच्या पश्चिमेस, थेम्सच्या काठी रनीमीड नावाचे कुरण आहे. इ. स. १२१५ मध्ये जॉन राजाने सरदारांच्या दडपणाखाली मॅग्ना कार्टाच्या सनदेवर येथेच मोहोर उमटवली, एवढे आपल्याला शालेय इतिहासातून ठाऊक असते. त्या कुरणाच्या माथ्यावर कूपर्स हिल ही टेकडी आहे. तिचा आपल्याशी असलेला संबंध मात्र विस्मृतीत गेला आहे. १८७२ ते १९०६ या काळात याच टेकडीवर रॉयल इंडियन इंजिनिअरिंग कॉलेज होते. हिंदुस्थानच्या सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी लागणारे इंजिनियर तेथे तयार होत. आपल्या मुलखात पूल आणि कालवे बांधणारे कितीतरी साहेब येथूनच शिकून आले.

आज या टेकडीवर माणसे जातात ती एका स्मारकासाठी. सर एडवर्ड मॉफ या वास्तुशिल्पज्ञाने आखलेल्या या स्मारकाचे उद्घाटन १७ ऑक्टोबर १९५३ रोजी राणी एलिझाबेथ (दुसरी) हिच्या हस्ते झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि वायव्य युरोपातील तळांवरून उड्डाण केलेल्या आणि ज्यांची कबर कोठेही ज्ञात नाही अशा वीस हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची नावे येथे कोरलेली आहेत. मध्ये चौक, त्याच्या भोवती ओवऱ्या, आणि ओवऱ्यांच्या भिंतींत अरुंद खिडक्या अशी रचना आहे. नावे आहेत ती या खिडक्यांच्या दोन्ही बाजूंच्या दगडी कडांवर. त्यामुळे प्रत्येक खिडकी अर्धवट उघडून ठेवलेल्या पोथीसारखी दिसते. समोरच्या मनोऱ्यावर चढले की खाली थेम्सचे वळण दिसते आणि दूर विंडसरचा राजवाडा. हीथ्रोचा विमानतळ जवळच असल्यामुळे माथ्यावर विमानांचा आवाज सहसा थांबत नाही. या स्थळी तो आवाज खटकत नाही.

नावांची मांडणी वर्षवार आहे. १९४० चे दगड थोडक्यात आटोपतात. १९४२, १९४३ आणि १९४४ चे मात्र खिडकीमागून खिडकी चालूच राहतात. बॉम्बफेकी विमानांच्या एकट्या बॉम्बर कमांडची प्राणहानी ५५,५७३ होती. पायदळाचा शिपाई पडला तर बहुधा त्याच्या शेजारी कोणी तरी असते आणि चार हात जमीनही असते. विमान रात्री निघते आणि पहाटे परतत नाही, इतकेच तळावर कळते. ते उत्तर समुद्रात बुडाले की हॉलंडच्या दलदलीत रुतले, हे सांगायला मागे कोणी उरलेले नसते. घरी पहिली तार यायची ती ‘बेपत्ता’ अशी. बहुधा सहा महिन्यांनी सरकार कागदोपत्री मृत्यू गृहीत धरी. घरची माणसे तो गृहीत धरीतच, असे नाही.

‘बेपत्ता’ या शब्दाचा दाह मराठी माणसाला निराळा समजावून सांगावा लागत नाही. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. एक शिरविरहित देह त्यांचाच म्हणून ओळखून त्यास अग्नी दिल्याचे वृत्तान्तही आले. तरी पुण्यात त्यावर सर्वांचा विश्वास बसला नाही. पार्वतीबाईंनी सौभाग्यलेणे उतरवले नाही. १७८३ मध्ये निवर्तेपर्यंत त्या सुवासिनीच राहिल्या. त्या संशयाच्या पोकळीतच तोतयाचे बंड माजले आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाल्यावर शमले. आपल्या धर्मशास्त्राने या अवस्थेचा विचार केलेला आहे. देह सापडला नाही तर पळसाच्या देठांची प्रतिमा करून तिला अग्नी द्यावा, असा पालाशविधी सांगितला आहे. शोकाला टेकायला काही तरी लागते. आपल्याकडे ती प्रतिमा, रनीमीडला ते कोरलेले नाव.

कोरलेल्या नावाचा हा आग्रह धरणारी संस्था म्हणजे पहिल्या महायुद्धात स्थापन झालेले युद्धकबर आयोग. हुद्दा, जात, धर्म न पाहता प्रत्येक मृताची स्वतंत्र व सारखी नोंद, हे त्याचे तत्त्व. तत्त्व थोर खरे; परंतु ते सर्वत्र पाळले गेले नाही, हेही येथेच नमूद केले पाहिजे. फ्रान्समधील नव्ह शापेल येथे भारतीय शिपायांची नावे कोरली गेली. मेसोपोटेमियात पडलेल्यांसाठी १९२९ मध्ये बसरा येथे जे स्मारक उभे राहिले, त्यावर मात्र भारतीय अधिकाऱ्यांचीच नावे आली. साध्या शिपायांची पलटणवार संख्या तेवढी कोरली. त्या मोहिमेत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी लढल्या होत्या. म्हणजे दख्खन-कोकणातून बोटीत बसून गेलेला आपला शिपाई तेथे दगडावर एक आकडा होऊन राहिला. आयोगाने २०२१ मध्ये चौकशीचा अहवाल प्रसिद्ध करून या भेदभावाबद्दल क्षमा मागितली. ती मागण्यास नव्वदांहून अधिक वर्षे लागली!

रनीमीडला असा भेद नाही. येथे क्रमांक २४३ च्या दगडावर असे एक नाव आहे की ज्याचे मूळ थेट बडोद्यात पोचते.

नूर इनायत खान हिचे पणजोबा मौलाबक्ष हे महाराज सयाजीराव गायकवाडांच्या दरबारचे गवई. महाराजांच्या आश्रयाने १८८६ मध्ये त्यांनी बडोद्यात गायनशाळा काढली. आजच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील संगीतशिक्षणाचे मूळ तेथे आहे. मौलाबक्षांच्या कन्येचे पुत्र इनायत खान हे १८८२ मध्ये बडोद्यातच जन्मले, वीणावादनात निष्णात झाले आणि पुढे सूफी पंथाचा संदेश घेऊन १३ सप्टेंबर १९१० रोजी मुंबईहून अमेरिकेस निघाले. पुढे लंडनमध्ये त्यांनी एका अमेरिकन तरुणीशी विवाह केला. नूर ही त्यांची थोरली मुलगी. जन्म मॉस्कोत, १ जानेवारी १९१४ चा. बालपण पॅरिसजवळच्या सुरेन गावी गेले. स्वभावाने ती लाजाळू व स्वप्नाळू होती. मुलांसाठी गोष्टी लिही; जातककथांचे तिचे इंग्रजी पुस्तक १९३९ मध्ये निघाले.

अशी मुलगी विमानदलाच्या दगडावर कशी आली? फ्रान्स पडल्यावर कुटुंब इंग्लंडला आले आणि १९४० मध्ये नूर विमानदलाच्या महिला साहाय्यक शाखेत दाखल झाली. बिनतारी संदेशाचे काम ती तेथे शिकली. फ्रेंच उत्तम येत असल्यामुळे गुप्त कार्य करणाऱ्या खात्याची नजर तिच्यावर पडली. जून १९४३ मध्ये एका रात्री लहानशा लायसँडर विमानातून तिला व्याप्त फ्रान्समध्ये उतरवण्यात आले. बिनतारी संदेशक म्हणून तेथे धाडलेली ती पहिली स्त्री. थोड्याच दिवसांत पॅरिसमधील तिचे बहुतेक सहकारी पकडले गेले. परत ये, असे लंडनहून सुचवले असता तिने नकार दिला आणि जागा बदलत ऑक्टोबरपर्यंत एकटीने यंत्र चालू ठेवले. अखेर फितुरीने ती सापडली. जर्मनीत फोर्त्सहाइमच्या तुरुंगात दहा महिने तिला बेड्यांत ठेवले होते. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाउच्या छळछावणीत तिला गोळी घालण्यात आली. वडिलांनी मुंबईचा किनारा सोडला ती तारीख वर दिलीच आहे.

हे सारे घरच्यांना कळायला फार काळ लागला. प्रथम ती नात्सवायलरच्या छावणीत मारली गेली असा समज झाला होता. तेथे मेलेली स्त्री दुसरीच निघाली, आणि डाखाउचे सत्य १९४७ मध्ये उघड झाले. १९४९ मध्ये तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला.

येथे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. त्या सकाळी डाखाउत नूरबरोबर आणखी तीन स्त्रियांना मारले. त्यांपैकी योलांद बीकमन विमानदलाच्या गणवेशातली, म्हणून तिचेही नाव रनीमीडला आहे. मादलेन दामरमाँ आणि एलियान प्लूमन या शुश्रूषा पथकाच्या नावावर नोंदलेल्या, म्हणून त्यांची नावे ब्रुकवुडच्या भूदल-स्मारकावर. चौघींची राख एकाच ठिकाणी मिसळली. दप्तराने नावे मात्र दोन दगडांवर वाटून दिली.

मुलाकडे वा लेकीकडे लंडनला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी एगम स्थानकावर उतरून ही टेकडी चढावी. प्रवेशास शुल्क नाही. २८८ क्रमांकाच्या दगडावर एमी जॉन्सनचेही नाव सापडेल; १९३० मध्ये एकटीने इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया विमान नेताना इंधन संपून ती आपल्या झाशीला उतरली होती. १९४१ च्या जानेवारीत थेम्सच्या मुखाशी ती नाहीशी झाली.

ही नामावली अजून पुरी झालेली नाही, किंबहुना ती उलट दिशेने चालते. २०२० मध्ये हॉलंडच्या मार्करमीर सरोवराच्या तळातून एक स्टर्लिंग विमान वर काढले. मार्च १९४३ मध्ये बर्लिनहून परतताना ते सात जणांसह बुडाले होते. अशा कोणाचे अवशेष ओळखले जाऊन त्यांना कबर मिळाली, की पुढे दगड बदलताना त्याचे नाव रनीमीडवरून उतरवले जाते. नूरचे नाव उतरवण्याचा प्रसंग येणार नाही. तिच्या वडिलांची कबर दिल्लीत निजामुद्दीन वस्तीत आहे. १९२७ मध्ये मायदेशी परतले असता तेथेच त्यांचे देहावसान झाले. दिल्लीकरांना तेथे केव्हाही जाता येते.