कानांनी सापडलेली बेटे

‘जंगल बुक’ म्हटले की आपल्याला मोगली आठवतो. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगच्या १८९४ सालच्या या पुस्तकात एका पांढऱ्या सीलचीही गोष्ट आहे, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानात राहत नाही. माणूस पोहोचणार नाही असा किनारा तो सील शोधत फिरतो. त्याचे सेंट पॉल बेट काल्पनिक नाही. ते अलास्काच्या पश्चिमेस, बेरिंग समुद्रातल्या प्रिबिलोव द्वीपसमूहात आहे. या बेटांचा इतिहास वाचताना मला एका गोष्टीचे नवल वाटत आले आहे : रशियन नाविकांना ती आधी ऐकू आली, मग दिसली.

अठराव्या शतकात कातड्यांच्या व्यापारासाठी रशियन जहाजे अल्यूशियन बेटांपर्यंत पोहोचली होती. दर वसंतात फर सीलचे कळप या बेटांमधून उत्तरेकडे जात आणि शरदात पिल्लांसह परतत. उत्तरेला कुठेतरी त्यांचे बाळंतपणाचे माहेर असणार, हे उघड होते. पण पॅसिफिकवरची दमट, उबदार हवा तिथल्या गार पाण्यावर आली की दाट धुके धरते आणि उन्हाळ्यात ते दिवसेंदिवस हटत नाही. शिडाच्या जहाजाला अशा वेळी जमीन शोधणे म्हणजे खडकाला आमंत्रणच.

१७८६ साली प्रिबिलोव हा नाविक याच धुक्यात होता. समोर काही दिसत नव्हते. पण सीलच्या डरकाळ्या ऐकू आल्या. त्या रोखाने जाताच किनारा लागला. त्याला जहाजाचेच नाव मिळाले, सेंट जॉर्ज. सुमारे ६५ किलोमीटरवरचे सेंट पॉल मात्र दिसायला १७८७चा एक निरभ्र दिवस उजाडावा लागला.

मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. धुक्याचा मोसम आणि सीलच्या विणीचा मोसम एकच. त्याच दिवसांत नर आपापली जागा राखण्यासाठी गर्जत असतात. धुक्याने त्यांना लपवले आणि त्यांच्याच आवाजाने त्यांचा ठावठिकाणा सांगितला.

याला ‘शोध’ म्हणावे का, हाही प्रश्न आहे. अल्यूशियन बेटांवरच्या उनंगन लोकांच्या परंपरागत कथेत, युनिमॅक बेटावरच्या एका प्रमुखाचा मुलगा वादळात भरकटून या बेटांवर पोहोचतो आणि पुढे घरी परततो. त्याच उनंगनांना रशियनांनी शिकारीच्या सक्तमजुरीसाठी तिथे नेऊन वसवले. नकाशावर नाव राहिले ते प्रिबिलोवचे.

१८६७ साली अलास्का अमेरिकेकडे गेला, तरी कत्तल चालूच राहिली. पुढे खुल्या समुद्रातही शिकार वाढली. तिथे चरायला गेलेल्या माद्या सर्रास मारल्या जात. फर सीलची आई परतल्यावर हजारोंच्या गर्दीतून आपले पिल्लू मुख्यतः आवाजावरून ओळखते. इथे परतणारी आईच उरत नसे. पिल्लू हाका मारत उपाशी मरे. अखेर १९११ साली अमेरिका, ब्रिटन, रशिया आणि जपान यांनी करार करून खुल्या समुद्रातली ही शिकार बंद केली. सेंट पॉलवरची व्यापारी शिकार थांबायला मात्र १९८४ साल उजाडले. त्या पहिल्या डरकाळ्या ऐकल्याला तोवर जवळपास दोनशे वर्षे झाली होती.