एक 'नाइस' शेरा

शाळेत माझ्या इंग्रजी निबंधावर सरांनी एकदाच 'नाइस' असा शेरा मारला. ती वही मी अजून जपलीय. परवा सहज डिक्शनरी उघडली आणि घात झाला! लॅटिनमध्ये 'नेस्किअस' म्हणजे अडाणी; त्याचाच हा वंशज. १३००च्या सुमारास इंग्रजीत शिरला तो चक्क 'मूर्ख' म्हणून. मग नखरेल, चोखंदळ, काटेकोर असं करत करत अठराव्या शतकात स्वारी एकदाची 'छान' झाली. इतकी, की १८१७च्या अखेरीस निघालेल्या 'नॉर्थँगर ॲबी'त जेन ऑस्टिननं तिच्या अतिवापराची टर उडवली. उलट 'सिली' बिचारा मुळात सुखी, पुण्यवान. तो घसरत घसरत मूर्ख झाला. जिन्यात दोघांची गाठ पडली असणार!

सरांच्या मनात कुठल्या शतकातला अर्थ होता? विचारायला सर नाहीत. बायकोनं निबंध वाचला. म्हणाली, "मूळचाच असावा."