हाताची बोटं आखडतात, सही बारीक होते? कंपवाताच्या रुग्णांसाठी घरच्या घरी हाताचे व्यायाम

करमाळा : शर्टाचं बटण लागत नाही, भाकरी मोडताना बोटं साथ देत नाहीत, सही बारीक होत गेल्याने बँकेत जुळत नाही. घरचे म्हणतात, 'वय झालं.' पण हा कंपवात, म्हणजेच पार्किन्सनचा आजार असू शकतो. मेंदूत डोपामिन हे रसायन कमी पडल्याने हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात. बऱ्याच जणांचा हात थरथरतो, पण सगळ्यांचाच नाही. लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं.

हातांच्या व्यायामाने आजार बरा होत नाही किंवा कंप थांबत नाही. मात्र बोटं मोकळी राहतात, रोजची कामं स्वतःची स्वतःला करता येतात.

कोणते व्यायाम करावेत?

१) बोटं पूर्ण ताणून पंजा उघडावा, मग मूठ वळावी. दहा वेळा.
२) अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावावा. मोठ्याने आकडे मोजावेत.
३) मनगट वर-खाली, मग गोल फिरवावं.
४) कणकेचा गोळा दाबावा, मळावा, चिमटीने तोडावा.
५) चिंचोके एकेक उचलून वाटीत टाकावेत. दोरीला कपड्याचे चिमटे लावावेत, काढावेत.
६) रेघांच्या वहीत रोज अर्धं पान मोठं अक्षर काढावं, सही गिरवावी.

प्रत्येक हालचाल मुद्दाम मोठी करावी. दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं पुरेत. पाठीला टेकू देऊन खुर्चीत बसावं. गोळीचा असर असतो तेव्हाच व्यायाम करावा. दुखलं तर थांबावं.

हे लक्षात ठेवा

लेव्होडोपाची गोळी शक्यतो जेवणाआधी अर्धा तास घ्यावी. डाळ, दूध, मटण यातल्या प्रथिनांमुळे काहींना तिचा असर कमी जाणवतो. गोळी मनाने बंद करू नये. खाजकुयलीच्या बियांतही लेव्होडोपा असतं, म्हणून ती पावडर डॉक्टरांना न विचारता घेऊ नये.

निदान मेंदूविकारतज्ज्ञांकडूनच करून घ्यावं. व्यायाम एकदा फिजिओथेरपिस्टकडून समजून घ्यावेत. पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्ण व नातेवाइकांचा स्वमदत गट आहे.

आणि घरच्यांनो, बटण लगेच लावून देऊ नका. दोन मिनिटं थांबा. तोही व्यायामच आहे.