उकळत्या पाण्याने मोजलेली उंची

नकाशावर गावाच्या नावापुढे समुद्रसपाटीपासूनची उंची छापलेली असते. तो आकडा कोणी मिळवला आणि कोणासाठी, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. आम्हांला तो विचारावासा वाटतो.

एकोणिसाव्या शतकात हिमालयाच्या शिखरांची उंची दुरूनच, थिओडोलाइटने कोन मोजून ठरवली गेली. तिबेटात मात्र परकीयांना मज्जाव होता. तेव्हा सर्वेक्षण खात्यातील माँटगोमेरी या अधिकाऱ्याने सीमाभागातील माणसांना शिकवून तेथे धाडले. कुमाऊँमधील मिलम गावचे शाळामास्तर नैनसिंह रावत हे त्यांपैकी एक. १८६५ साली ते नेपाळमार्गे निघाले आणि जानेवारी १८६६ मध्ये वेषांतर करून ल्हासाला पोहोचले. त्यांच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. दर शंभर पावलांना एक मणी सरके. प्रार्थनाचक्रात मंत्रांच्या जागी नोंदींचे कागद असत.

अंतर पावलांनी मोजले, तर उंची उकळत्या पाण्याने. वर जावे तसा हवेचा दाब घटतो आणि पाणी कमी तापमानाला उकळते. साधारणतः ३०० मीटरला एक अंश सेल्सिअस इतका हा फरक असतो. सुमारे ३,६५० मीटर उंचीवरील ल्हासात पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळते. अर्थात हवामानानुसार दाब बदलत असल्याने या पद्धतीत चूक राहतेच.

या हेरांची नावे त्या काळी गुप्त ठेवली जात. नैनसिंहांना १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. ज्यांची भूमी मोजली गेली, त्या तिबेटी लोकांना मात्र कोणी विचारले नव्हते. १९०४ साली ब्रिटिश फौज ल्हासात शिरली.

फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अवकाशयानाने रडारच्या साहाय्याने अकरा दिवसांत पृथ्वीवरील सुमारे ८० टक्के भूभागाची उंची टिपली. पूररेषा, धरणे, रस्ते यांच्या आखणीस अशी माहिती अत्यावश्यक असते. तरीही ३० मीटर अंतरावरील बिंदूंची बारीक माहिती आरंभी केवळ अमेरिकेच्या भूभागापुरती खुली होती. उर्वरित जगाची ९० मीटर अंतराचीच मिळे. हे बंधन २०१४ पासून उठू लागले.

जपमाळ जाऊन रडार आले, तरी आपल्याच डोंगराची उंची आपल्याला किती बारकाईने कळावी, हे दूरवरचे कोणी ठरवीत राहिले. उंचीच्या इतिहासातील हा भाग, आमच्या मते, भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातही यायला हवा.